लाइटनंतर वीस वर्षांनी येणारी गाठ

लहानपणी रक्ताचा कॅन्सर झाला, डोक्याला लाइट दिली, पोरगं बरं झालं. मग पंचविशीत मेंदूत गाठ निघाली की जळगाव-धुळ्याकडे नातेवाईक म्हणतात, "जुना कॅन्सर डोक्यात चढला." इतक्या वर्षांनी आलेली गाठ बहुधा जुन्या कॅन्सरची नसते. तो नवा आजार असतो, आणि त्याचं बी त्या लाइटनंच पेरलेलं असतं.

लाइट म्हणजे रेडिएशन. त्याचं माप ग्रे. एक ग्रे मिळाला की प्रत्येक पेशीत डीएनएचा एक पदर सुमारे १००० जागी तुटतो. तो समोरचा पदर पाहून नीट सांधला जातो. पण ३०-४० जागी दोन्ही पदर एकदम तुटतात, घोळ तिथे होतो. केळीच्या बागेत उंदरांनी ठिबकच्या दोन नळ्या कुरतडल्या आणि अंधारात एकीचं तोंड दुसरीच्या शेपटाला जोडलं, असं समजा. पाणी चालू राहतं, पण भलत्याच सरीत. पेशीही हाताला लागतील ती टोकं जोडते. २२व्या गुणसूत्रावर एनएफ२ नावाचं जनुक आहे, ते मेंदूच्या आवरणातल्या पेशींची वाढ रोखतं. किरणांमुळे आलेल्या मेनिंजिओमांत, म्हणजे याच आवरणाच्या गाठींत, हेच जनुक अनेकदा मधोमध तुटून भलतीकडे जोडलेलं सापडतं. जोडीतल्या दुसऱ्या २२व्या गुणसूत्रावरची चांगली प्रतही पुढे गेली की लगाम सुटला. मेनिंजिओमाला १५-२० वर्षं लागतात ती म्हणूनच. ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची गाठ, लवकर येतो आणि जास्त घातक असतो.

डोस थोडा म्हणून धोका नाही, असंही नाही. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० दरम्यान सुमारे १०,८०० मुलांच्या डोक्यावरच्या नायट्याला क्ष-किरण दिले. मेंदूला सरासरी दीडच ग्रे मिळाले, तरी मेनिंजिओमा साडेनऊ पट वाढला. रक्ताच्या कॅन्सरात १८ ते २४ ग्रे देत; मेडुलोब्लास्टोमात, म्हणजे मुलांच्या लहान मेंदूतल्या कॅन्सरात, गाठीच्या जागी ५४, रोज १.८ प्रमाणे ३० वेळा. तरीही चाळिशीपर्यंत मेनिंजिओमा होतो तो शंभरात पाच-सहा जणांनाच, आणि त्यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. तेव्हा लाइट दिली नसती तर यातली कितीतरी मुलं जगलीच नसती.

फाइल जपा. एकूण ग्रे, किती दिवस, डोक्याचा कोणता भाग, तेव्हाचं वय, एवढं लिहिलेला कागद डॉक्टरला हवाच. सकाळी वाढणारी डोकेदुखी, नजर कमी होणं, हातपाय लुळे पडणं याकडे दुर्लक्ष नको. पहिली आकडी आली की 'बाहेरचं' म्हणून भगताकडे नेतात, त्यात महिने वाया जातात. आणि एमआरआयला 'पुन्हा लाइट' समजून टाळू नका. त्यात चुंबक आणि रेडिओलहरी असतात, डीएनए तोडणारे किरण नसतात.