मॅकबेथचा खंजीर आणि बँकोचं भूत

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात या दोघांची गल्लत सगळ्यात आधी नायकाच्या बायकोनं, लेडी मॅकबेथनं केली. मेजवानी चालू आहे, सरदार बसलेत, आणि राजा डंकनचा खून करून स्वतः राजा झालेला नवरा एका रिकाम्या जागेकडे बघून बरळतोय. ती त्याला दबक्या आवाजात झापते. हे तुझ्या भीतीनं रंगवलेलं चित्र आहे, म्हणते. डंकनकडे नेणारा तो हवेतला खंजीर तुला दिसला होता ना, त्यातलीच ही गत.

तेव्हापासून आपणही तेच म्हणत आलोय. मॅकबेथला भास व्हायचे. एकदा खंजीर दिसला, एकदा भूत दिसलं, दोन्ही मनाची टोचणी. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळतात. पण संहिता जवळून वाचली तर ही दोन प्रकरणं एका माळेत ओवता येत नाहीत. आणि मनाची टोचणी म्हणाल, तर ती दोन्हीकडे समजतो तेवढी नाहीच.

आधी खंजीर. दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश, मध्यरात्र उलटून गेलेली. मॅकबेथ नोकराला सांगतो, बाईसाहेबांना म्हणावं पेय तयार झालं की घंटा वाजवा. नोकर जातो आणि समोर हवेत खंजीर तरंगतो, मूठ याच्या हाताकडे. कुणीतरी अदबीनं पुढे करावा तसा. आता हा गडी काय करतो बघा. आधी पकडायला जातो. हाती लागत नाही, तरी दिसतोच. मग स्वतःलाच विचारतो, की तापलेल्या डोक्यानं घडवलेला हा नुसता मनातला खंजीर तर नाही? मग कमरेचा खरा खंजीर उपसून दोन्ही ताडून बघतो. मधेच त्या हवेतल्या पात्यावर रक्ताचे थेंब उमटतात. शेवटी निकालही तोच देतो: असं काही नाही, डोक्यात जे रक्ताचं काम घोळतंय तेच डोळ्यांना असं दिसतंय.

झपाटलेला माणूस इतक्या शिस्तीत उलटतपासणी घेत नाही. भास होतोय हे त्याला ठाऊक आहे. या भाषणातलं सगळ्यात भयंकर वाक्य मला रक्ताचं वाटत नाही, वाटेचं वाटतं. तो खंजिराला म्हणतो, मी जायला निघालोच होतो त्या वाटेनं तू मला नेतोयस. म्हणजे खंजिरानं फूस लावलेली नाही, धाक घातलेला नाही. महत्त्वाकांक्षेनं आपलंच हत्यार आपल्या हातात दिलं, एवढंच. गुन्हा अजून व्हायचा आहे. घंटा वाजते आणि तो चालू लागतो.

आता भूत. तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश. मेजवानी सुरू होताहोता, मॅकबेथनं बँको या आपल्याच साथीदार सरदारावर धाडलेला मारेकरी दारात येतो, चेहऱ्यावर रक्त. बँको खड्ड्यात पडलाय, डोक्यावर वीस खोल घाव, सांगतो. मॅकबेथ खूश. पण बँकोचा मुलगा फ्लीअन्स निसटला हे कळताच त्याच्या तोंडून निघतं, आला, माझा झटका परत आला. हे महत्त्वाचं आहे, कारण भूत अजून आलेलंच नाही. नाटकाच्या सुरुवातीला चेटकिणींनी बँकोला सांगितलं होतं की तू राजा होणार नाहीस, पण तुझ्या वंशात राजे होतील. बाप मेला तरी वंश वाचला, झटका त्याचा आहे.

मग मॅकबेथ पाहुण्यांत येतो आणि साळसूदपणे म्हणतो, आज बँको असता तर देशातली सारी थोरवी एका छपराखाली आली असती. गंमत अशी, की १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, बँकोच्या भुताचा प्रवेश या वाक्याच्या आधीच छापलेला आहे. स्पष्ट रंगसूचना आहे: बँकोचं भूत येतं आणि मॅकबेथच्या जागेवर बसतं. प्रेक्षकांना ते दिसलंय, मॅकबेथला अजून नाही. भास असता तर आपल्याला त्याच्याआधी कसा दिसला असता? खंजिराला अशी एकही सूचना नाही. तो फक्त भाषणात आहे. म्हणूनच नायलॉनच्या दोऱ्याला खंजीर टांगला की प्रयोग हास्यास्पद होतो. नटानं तो आपल्याला नुसत्या नजरेनं दाखवायचा असतो.

पुढचा तुकडा तर थंडगार विनोद आहे. बसा ना महाराज, सरदार म्हणतात. जागा भरल्यात, मॅकबेथ म्हणतो. ही राखून ठेवलीय की, लेनॉक्स नावाचा सरदार म्हणतो. कुठे? आणि मग दिसतं. पहिला प्रश्न सरदारांना: तुमच्यापैकी कोणी केलं हे? मग भुताला: मी केलं असं तू म्हणू शकत नाहीस, त्या रक्ताळलेल्या बटा माझ्यापुढे हलवू नकोस. खरंच आहे, हा तिथे नव्हता, माणसं पाठवली होती. याला पश्चात्ताप म्हणायचं? हे आरोपीचं वकिली उत्तर आहे.

खंजिराच्या वेळी केली तशी तपासणी इथे अजिबात नाही. तो बायकोला विचारतो, असं दृश्य बघून तुझ्या गालांची लाली टिकते कशी? म्हणजे ते तिलाही दिसतंय हे त्यानं धरूनच चाललंय. दुसऱ्यांदा भूत आल्यावर ‘खोटारडे सावली, चालती हो’ अशा अर्थाचं ओरडतो खरा, पण तो निष्कर्ष नव्हे, शिवी आहे. भ्यालेला माणूस भुताला खोटं म्हणतो ते ते जावं म्हणून.

आपल्याकडचं भूत मानगुटीवर बसतं. हे बसतं खुर्चीवर, आणि मराठीत खुर्चीचा अर्थ वेगळा सांगायला नको. मॅकबेथ स्वतःच म्हणतो, पूर्वी मेंदू बाहेर पडला की माणूस मरायचा, विषय संपायचा. आता डोक्यावर वीस घाव घेऊन उठतात आणि आपल्याला आसनावरून ढकलतात. वि. वा. शिरवाडकरांनी हे नाटक मराठीत आणताना ‘राजमुकुट’ हे नाव दिलं, ते मला म्हणूनच चपखल वाटतं.

आक्षेप घेता येतो, की भूतही भासच असेल. वीस घावांचा आकडा त्यानं मारेकऱ्याकडून नुकताच ऐकलाय, तोच डोक्यात फिरत असेल. १७९४ मध्ये लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात नट जॉन फिलिप केंबलनं हाच तर्क धरून भूत काढून टाकलं आणि रिकाम्या जागेकडे बघत प्रवेश केला. पण मूळ काळातला साक्षीदार वेगळं सांगतो. सायमन फॉर्मन या ज्योतिषानं १६११ च्या सुमारास लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग पाहून टिपण ठेवलं. राजा बँकोच्या नावानं पेला उचलायला उभा राहिला तेव्हा बँकोचं भूत मागून येऊन त्याच्या खुर्चीत बसलं, असं त्यात आहे. हवेतल्या खंजिराबद्दल एक शब्द नाही. दिसलाच नसणार. शिवाय तेव्हाचा राजा जेम्स बँकोला आपला पूर्वज मानत होता. चौथ्या अंकात चेटकिणी आठ राजांची रांग दाखवतात, तेव्हा मागून बँको येतो आणि हसत हसत त्यांच्याकडे बोट करतो: हे माझे. तेच भूत, तोच विषय.

मेजवानी उधळल्यावर मॅकबेथ काय शिकतो? सवय कमी पडतेय, या कामात आपण अजून नवखे आहोत. पुढचा खून मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांचा.

मग अपराधाची टोचणी नाटकात आहे कुठे? आहे, पण ती हातांवर आहे. डंकनला मारून आल्यावर मॅकबेथच्या घशात ‘आमेन’ अडकतं, समुद्रानंही हे हात धुतले जाणार नाहीत असं वाटतं, दारावरच्या थापांनी डंकन उठला तर बरं, म्हणतो. तिथे ना भूत ना हवेतला खंजीर. बायको मात्र म्हणाली होती, थोडं पाणी पुरे.

पाचव्या अंकात तीच बायको मेणबत्ती घेऊन झोपेत चालत येते. जवळ सतत उजेड हवा, असा तिचाच हुकूम आहे. डोळे उघडे, दिसत काही नाही. वैद्य आणि दासी बाजूला उभे. ती हातावरचा एक डाग घासतेय, जो त्या दोघांना दिसत नाही, आपल्यालाही नाही, आणि ज्याला फोलिओत कसली सूचना नाही. खंजिरासारखाच. फक्त तो खरा की खोटा हे ती एकदाही विचारत नाही. म्हाताऱ्याच्या अंगात इतकं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं, म्हणते, आणि परत घासायला लागते. दासी वैद्याला सांगते, मी यांना असं पाव पाव तास घासताना पाहिलंय.