ठेक्याला साडेबारा फ्रेम

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर परिसरातल्या एका केळीच्या बागेत अहिराणी लग्नगीताचे चित्रीकरण पाहण्याचा योग आला. आठ मुली बागेच्या कडेला नाचत होत्या आणि बांधावरच्या स्पीकरमधून गाणे इतक्या वेगाने वाजत होते की शब्द कानाला लागेनात. त्या पळत्या चालीवर मुली ओठ हलवत होत्या, गिरक्या घेत होत्या आणि कडवे संपले की धापा टाकत सावलीत बसत होत्या. पुढे तेच गाणे मोबाइलवर पाहिले, तेव्हा चाल मूळचीच होती, ओठ शब्दांशी जुळत होते, पण ओढण्या मात्र पाण्यात सोडल्यासारख्या संथ तरंगत होत्या.

यामागचे गणित साधे आहे. गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, कॅमेऱ्याने सेकंदाला 50 फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, टिपायच्या आणि दाखवताना त्या सेकंदाला 25 या गतीने दाखवायच्या. त्यामुळे घाईने म्हटलेला शब्द आपल्या मूळ चालीवर येतो. गुरुत्वाकर्षण मात्र स्पीकरचा वेग पाहून बदलत नाही. एक मीटर उंचीवरून सुटलेल्या वस्तूला जमिनीवर यायला सुमारे 0.45 सेकंद लागतात, आणि पडद्यावर तेच पडणे 0.9 सेकंदांचे होते. वेळ दुप्पट झाला की गुरुत्वाकर्षण चौपट कमी भासते. चंद्रावर ते पृथ्वीच्या एक षष्ठांश असते आणि या दृश्यात एक चतुर्थांश, म्हणून ती ओढणी आपल्याला या जगातली वाटत नाही.

नृत्य बसवणाऱ्याला याची किंमत मोजावी लागते. हात दुप्पट वेगाने फिरवता येतो, पण उडी दुप्पट वेगाने मारता येत नाही. 30 सेंटिमीटर उंच उडी मारणारा माणूस जवळपास अर्धा सेकंद हवेत राहतो, मग चाल कोणतीही असो. मिनिटाला 120 ठेक्यांच्या गाण्यात अर्धा सेकंद म्हणजे बरोबर एक ठेका. संथ दृश्यात हीच उडी दोन ठेक्यांची होते, त्यामुळे पाऊल नेमके ठेक्यावर पडायला हवे असेल तर ती उडी मुळातच दोन ठेक्यांची बसवावी लागते. त्या बागेतल्या नृत्यदिग्दर्शिकेने ध्रुवपदातल्या उड्या काढून त्यांच्या जागी गिरक्या घातल्या होत्या. तो निर्णय मला फार समंजस वाटला.

प्रत्येक फ्रेम टिपताना कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देणारे शटर किती वेळ उघडे राहते, यावरही नाचाचा पोत ठरतो. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर साधारण 1/50 सेकंद उघडे ठेवण्याची रीत आहे. सेकंदाला 3 मीटर वेगाने फिरणारा हात तेवढ्या वेळात 6 सेंटिमीटर सरकतो आणि फ्रेममध्ये त्याची पुसट रेघ उमटते. ती रेघ दोष नव्हे. तिच्यामुळेच एका फ्रेममधला हात पुढच्या फ्रेममधल्या हाताशी जोडला जातो आणि मेंदूला सलग हालचाल दिसते. शटर 1/1000 सेकंदाचे केले तर हात फक्त 3 मिलिमीटर सरकतो, प्रत्येक फ्रेम लख्ख येते आणि नाच तुटक, झटके दिल्यासारखा दिसतो. खानदेशातल्या भर उन्हात मोबाइलवर चित्रित केलेले नाच बहुतेक वेळा असेच दिसतात, कारण बहुतेक मोबाइलच्या भिंगाचे छिद्र लहान करता येत नाही आणि जास्तीचा प्रकाश रोखण्यासाठी तो आपणहून शटरचा वेळ कमी करतो. भिंगापुढे एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी करडी काच, लावली आणि शटर हाताने ठरवले, तर मोबाइलवरचा नाचही मऊ दिसतो.

उन्हाची दुसरी अडचण त्याच्या दिशेची आहे. जळगाव 21 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य जवळपास नेमका डोक्यावर येतो. भुवयांची सावली डोळ्यांवर पडते, नाकाची ओठांवर, आणि नाचातला भाव ज्या डोळ्यांतून कळायचा तेच काळोखात जातात. म्हणून एक मुलगा थर्माकोलचा पांढरा पत्रा घेऊन कॅमेऱ्याशेजारी उकिडवा बसला होता. तो पत्रा जवळ आणला की प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने मोठा होतो आणि सावल्यांच्या कडा विरघळतात.

केळीच्या पानांखाली तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. पानातले हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते, हिरवा मात्र बऱ्याच अंशी परतवते किंवा आरपार जाऊ देते. त्यामुळे त्या गार सावलीतला उजेड मुळातच हिरवा असतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण मेंदू परिसराशी जुळवून घेऊन त्वचेचा रंग दुरुस्त करतो. कॅमेरा जे येईल ते नोंदवतो, आणि नवरीच्या सावळ्या गालावर शेवाळी झाक येते. संगणकावर हिरवा कमी करून गाल सुधारता येतो, पण मग पानांमधून दिसणारे पांढरे आभाळ गुलाबी होते. चित्रीकरणाच्या वेळीच तोच थर्माकोल धरून चेहऱ्यावर थोडे स्वच्छ ऊन परतवणे हा उपाय मला सगळ्यांत चांगला वाटतो.

रात्रीच्या वरातीच्या दृश्यात दिवेच लुकलुकतात. आपल्याकडे वीजप्रवाहाची वारंवारता 50 हर्ट्झ असल्याने अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. शटर 1/50 किंवा 1/100 असेल तर प्रत्येक फ्रेमला लुकलुकीचे पूर्ण फेरे मिळतात. 1/60 ठेवले तर फेरा अर्धवट तुटतो आणि चित्रावर पट्टे सरकू लागतात.

संकलनाच्या टेबलावर मात्र सगळा हिशेब फ्रेमचा असतो. मिनिटाला 120 ठेके म्हणजे ठेक्याला साडेबारा फ्रेम. आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. म्हणून संकलक एक कट बारा फ्रेमवर आणि पुढचा तेरावर घेत ती तूट सांभाळतो. तोही कट ठेक्यावरच घेतला तर बहुधा फसतो. नवे चित्र समोर आल्यावर नजरेला त्यातली पाहण्याजोगी जागा गाठायला सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे पाच फ्रेम लागतात. तोवर पाऊल पडून गेलेले असते. जाणता संकलक पाऊल उचललेले असतानाच कट घेतो, उरलेली हालचाल पुढच्या चित्रात पूर्ण होऊ देतो आणि टाच ठेक्यावर टेकवतो. हालचालीच्या मध्यावर घेतलेला कट प्रेक्षकांच्या सहसा लक्षातही येत नाही.

त्या गाण्याच्या पहिल्या संकलनात मागच्या रांगेतल्या मुली सतत चुकल्यासारख्या दिसत होत्या. खरे तर त्या चुकल्या नव्हत्या. बांधावरचा स्पीकर त्यांच्यापासून सुमारे 18 मीटर दूर होता. 42 अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 357 मीटर जातो, त्यामुळे ठेका त्यांच्या कानी पोहोचायलाच 50 मिलिसेकंद लागत होते. संथ केलेल्या दृश्यात तो उशीर दुप्पट, 100 मिलिसेकंदांचा झाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या 125 मिलिसेकंद मागे पडेपर्यंत तो उशीर सहसा जाणवत नाही, पण ध्वनी 45 मिलिसेकंदच पुढे गेला तरी खटकतो. दूर नदीवर धुणे आपटणारी बाई आधी दिसते आणि आवाज मागून येतो. आवाज आधी आणि आपटणे नंतर, असे निसर्गात कधी घडत नाही. इथे ढोल आधी वाजत होता आणि पाऊल नंतर पडत होते. संकलकाने मागच्या रांगेची संथ दृश्ये अडीच फ्रेमच्या जागी तीन फ्रेम अलीकडे ओढली आणि मुली ठेक्यात आल्या. पुढच्या कडव्याच्या वेळी स्पीकर दोन्ही रांगांच्या मधोमध ठेवला गेला.

शेवटच्या कडव्यात मुलींनी रिंगण धरले होते. वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारे रिंगण मध्यभागी उभ्या कॅमेऱ्याला डावीकडून उजवीकडे जाताना दिसते आणि बाहेरच्या कॅमेऱ्याला जवळच्या मुली उजवीकडून डावीकडे जाताना दिसतात. ही दोन चित्रे एकमेकांना थेट जोडली की रिंगण अचानक उलटे फिरल्याचा भास होतो. संकलकाने त्या दोहोंच्या मध्ये अवघ्या बारा फ्रेमचे एक चित्र घातले: ढोलाचे कातडे, त्यावर पडणारी काठी आणि त्या घावासरशी कातड्यावरून उडालेली धूळ.