मागाला व्याज-सवलत, जीपीयूला भाडे-सवलत

टफ (तंत्रज्ञान सुधारणा निधी) योजना सोलापूरच्या यंत्रमागवाल्यांना नव्यानं सांगायला नको. १९९९ साली सुरू झालेल्या या योजनेत नव्या मागाच्या कर्जावरच्या व्याजातले ५ टक्के केंद्र सरकार सोसायचं. माग मात्र आपल्याच शेडमध्ये, आणि हप्ताही आपल्याच डोक्यावर. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या (एआय) इंडिया एआय मिशनचा हिशेब वेगळा आहे. यंत्र, म्हणजे एआयची अवजड आकडेमोड करणारी जीपीयू चिप, खासगी डेटा सेंटरवाल्याचं; सरकार वापरणाऱ्याच्या भाड्यातला ४० टक्क्यांपर्यंतचा भार उचलतं.

याआधी सरकार यंत्रच बांधत होतं. १९८०च्या दशकात अमेरिकेनं हवामानखात्याच्या कामासाठी क्रे महासंगणक दिला, पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा होता तो अधिक ताकदीचा नाकारला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. रचना आपली, पण आतले ट्रान्सप्युटर, म्हणजे प्रोसेसर चिप, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे; गौरवाच्या भाषणांत हे सहसा येत नाही. २०१५ च्या ४,५०० कोटींच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पुढे परम रुद्र या महासंगणकाचा सर्व्हर देशात घडला. प्रोसेसर तरीही बाहेरचाच.

इंडिया एआयच्या सुमारे १०,३७२ कोटींपैकी साडेचार हजार कोटींच्या आसपास रक्कम संगणनशक्तीसाठी आहे. १०,००० जीपीयूंचं लक्ष्य होतं. मे २०२५ पर्यंत आकडा ३४,००० वर गेला. त्यातही मोठा वाटा एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीचा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं अशा चिपच्या निर्यातीवर मर्यादा घातली तेव्हा क्रेचीच आठवण झाली. तो नियम मे महिन्यात मागे घेतला गेला.

सवलतीनंतर एका जीपीयूचा सरासरी दर तासाला सुमारे ६५ रुपये. स्वस्त वाटतो, पण मीटर काम नसतानाही पळतो. समजा, चादरीतला तुटलेला धागा ओळखणारं मॉडेल शिकवायचंय आणि फोटो १ टेराबाइट आहेत. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ते चढवायलाच २२ तास लागतात. तोवर आठ जीपीयू कार्डं चालू ठेवली तर ११,००० रुपयांवर पाणी. त्यामुळे आधी फक्त स्टोरेज घ्यावं, फाइली तपासाव्यात, मग कार्ड. दुसरी चूक मेमरीची: ७ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे शिकताना बदलणाऱ्या आकड्यांचं) भाषा-मॉडेल १६ बिटमध्ये १४ जीबीत बसतं, म्हणून ८० जीबीचं एक कार्ड पुरेल असा अंदाज बांधला जातो. पूर्ण प्रशिक्षणाला ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझर (पॅरामीटर किती आणि कसे बदलायचे याचा हिशेब) धरून ११० जीबीच्या वर लागतात, आणि काम पहिल्याच फेरीत कोसळतं. लोरा पद्धतीनं मोजकेच पॅरामीटर बदलले, तर तेच काम एका कार्डावर निभावतं.