जातीचा दाखला आणि जात वैधता: एक कागद दुसऱ्याचं काम करत नाही

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या कॉलेजच्या ऑफिसात महिनाभर एकच संवाद चालतो. "वैधता आहे का?" "आहे ना सर, हे काय." आणि प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर येतो तो एसडीओच्या (उपविभागीय अधिकाऱ्याच्या) सहीचा जातीचा दाखला. बहुतेक वेळा लॅमिनेशन केलेला. (लॅमिनेशनवर बोलणं मी सोडून दिलं आहे.) हा दाखला आहे, वैधता नाही, असं सांगितलं की पोराचा बाप असा पाहतो, जणू आपण पैसे मागतोय. "काऊन बाप्पा, जात लिहेल हाय, शिक्का हाय, मंग आता अजून काय पायजे?"

बापाचा प्रश्न रास्त आहे. राग येतो तो चौकातल्या त्या कॅफेवाल्यांचा, जे शंभर-दोनशे रुपये घेऊन फॉर्म भरतात आणि 'वैधता' विचारलेल्या रकान्यात दाखल्याचा नंबर ठोकून देतात. त्यानंतर पोरगं दोन महिने निर्धास्त फिरतं.

दाखला तुम्हाला माहीत आहे. सेतूत अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, वडील-आजोबांचे पुरावे, शपथपत्र. मग उपविभागीय अधिकारी सही करतो. दहावीतच बहुतेकांनी काढलेला असतो. विषय संपला.

जात वैधता प्रमाणपत्र देणारं ऑफिसच वेगळं. अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी प्रत्येक जिल्ह्याला जात प्रमाणपत्र पडताळणी समिती आहे. अनुसूचित जमातींसाठी समिती निराळी असते. ती जिल्ह्याजिल्ह्याला नाही. नागपूर, अमरावती, गडचिरोली अशा ठिकाणी बसते. माधुरी पाटील खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची चौकट घालून दिली आणि महाराष्ट्राने २००१ साली त्याचा कायदा केला. एसडीओने दिलेला दाखला खरा आहे की नाही, हे तपासणं एवढंच या समितीचं काम. आणि तो खरा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे, सरकारवर नाही. म्हणजे दाखल्यावर शिक्का असूनही समितीपुढे तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करता.

मग हा गोंधळ दरवर्षी होतो कसा? कारण वाटेतल्या प्रत्येक फाटकावर दाखला चालून जातो. सीईटीची परीक्षा द्यायला वैधता लागत नाही. मागासवर्गीयांच्या शासकीय वसतिगृहाच्या अर्जाला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका हेच मुख्य कागद. मोठ्या भावाने तालुक्यालाच बीए केलं, त्याला शिष्यवृत्तीही मिळाली, ती दाखल्यावरच. घरातला सगळा अनुभव सांगतो की दाखला पुरतो. पहिला अडथळा येतो तो इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या कॅप राऊंडला, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीला, आणि तोवर जुलै उजाडलेला असतो.

कॅपमध्ये वैधता नसेल तर पोरगं खुल्या प्रवर्गात धरलं जातं. लोकांना वाटतं, फार तर कॉलेज जरा हलकं मिळेल. तसं नाही. इंजिनिअरिंगला बारावीच्या विषयांत खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के लागतात, राखीवला ४०. ज्याला ४२ टक्के आहेत, तो वैधतेशिवाय कुठल्याच यादीत बसत नाही, सीईटीला कितीही चांगले पडलेले असोत. आणि जो बसतो, त्याची फी बदलते. अनुसूचित जातीच्या पोराची जी फी सरकार भरणार होतं, ती बापाने भरायची. ओबीसी मुलाची अर्धी माफी जाते. ओबीसी मुलींना तर आठ लाखांच्या उत्पन्नापर्यंत २०२४-२५ पासून पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे, ते एका कागदापायी घालवणं म्हणजे कमालच.

खरी मेख तारखेत आहे, आणि ती कोणीच समजावून सांगत नाही म्हणून इथे सविस्तर. समितीला तुमची आजची जात नुसती सांगून चालत नाही. एका ठरावीक तारखेच्या आधी तुमच्या वडिलांच्या घराण्याची नोंद काय होती, ते दाखवावं लागतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी, विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. दाखला काढताना हा पुरावा थोडा कच्चा असला तरी कधी कधी खपून जातो. समितीपुढे खपत नाही. 'वडिलांच्या टीसीवर जात आहे' असं लोक छातीठोकपणे सांगतात, पण वडील १९७५ साली पहिलीत गेले असतील तर त्या टीसीने एकट्याने काम भागत नाही. आजोबा किंवा पणजोबा गाठावे लागतात.

आजोबा शाळेत गेले असतील तर सोपं: त्या जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढायचा. पण आपल्याकडे किती आजोबा शाळेत गेले? अशा वेळी विदर्भात कामी येते कोतवाल बुकाची नक्कल. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची जी नोंद ठेवायचा, ती पुस्तकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत. तिथे अर्ज टाकायचा, गावाचं नाव आणि अंदाजे साल द्यायचं. कापडात बांधलेले गठ्ठे सुटतात, कधी पानं हातात तुटतात, कधी नेमकं तेच वर्ष सापडत नाही. आणि सापडलं तरी बाळाचं नाव असतंच असं नाही. 'अमक्याला मुलगा झाला, जात अमुक' एवढंच लिहिलेलं असतं, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली. तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा, हे मग वंशावळीच्या शपथपत्राने आणि इतर भावंडांच्या नोंदींनी जुळवावं लागतं. जुन्या अधिकार अभिलेखातही (जमिनीच्या हक्काच्या नोंदीत) कधी जात मिळते. शेती असेल तर १९५४-५५ ची नक्कल जरूर काढा. भूमिहीनांना ती वाट नाही, त्यांनी कोतवाल बुकावरच जास्त वेळ घालवावा.

नोंदीतलं स्पेलिंग हा आणखी एक ताप. एका कागदावर 'कुणबी', दुसऱ्यावर 'कुनबी', तिसऱ्यावर पोटजातीसह 'तिरळे कुणबी'. आजोबा 'गणपत', नक्कलेत 'गनपत', सातबाऱ्यावर 'गणू'. दरवेळी याने अर्ज फेटाळला जातो असं नाही, पण प्रश्न निघतो, शपथपत्र मागतात, महिना जातो. प्रश्न मोठा असेल तर फाईल दक्षता पथकाकडे जाते आणि ते गावात येऊन चौकशी करतं. अनुसूचित जमातींच्या बाबतीत रूढी-परंपरांचीही विचारपूस होते. मात्र ती विचारपूस म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केलं आहे. जुना कागद भक्कम असेल तर तोच आधी पुढे ठेवा.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे वडिलांकडच्या रक्तातल्या कोणाची तरी आधीच झालेली वैधता. सख्खे काका, आत्या, चुलतभाऊ, कोणीही. शिक्षक झालेला किंवा निवडणुकीत राखीव जागेवरून सरपंच झालेला एखादा काका बहुतेक घराण्यांत सापडतो. त्याच्याशी बांधावरून भांडण असेल तर या निमित्ताने मिटवा. मामाची वैधता चालत नाही. दरवर्षी कोणीतरी घेऊन येतंच.

समिती कोणत्या जिल्ह्याची? ज्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने दाखला दिला, तिथली. पोरगी नागपुरात खोली करून राहते म्हणून नागपूरच्या समितीत अर्ज होत नाही. दाखला पुसदचा असेल तर यवतमाळलाच जायचं.

आता पावती. ऑनलाइन अर्ज भरला, कागद जमा केले, पावती मिळाली, की गावात पेढे वाटले जातात. कापूस काट्यावर मोजला म्हणून चुकारा हातात आला असं आपल्यातलं कोणी म्हणत नाही, मग इथेच घाई कशाची? सरकार सवलत देतं त्या वर्षी पावतीवर राखीव जागेत बसता येतं, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ वैधता दाखवावी लागते. ती सवलत आणि मुदतवाढ यांच्या भरवशावर नियोजन करू नये, एवढं माझं ठाम मत.

राहण्याचं थोडक्यात, कारण तिथे दाखल्यावर बरंच निभतं. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे: नागपुरात वर्षाला ६०,०००, अमरावतीत ५१,०००, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये, थेट खात्यात. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि कॉलेज ज्या शहरात आहे तिथले रहिवासी नसावे. अशीच आदिवासी मुलांना स्वयंम योजना, ओबीसी आणि भटक्यांना आधार योजना. वसतिगृहाचा अर्ज न करता थेट स्वाधार मागायला जाणारे खूप. आधी वसतिगृह, मग हे. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या माणसाच्या नावाची योजना, आणि आपल्याकडेच फारसं कोणी विचारत नाही.

बाकीचे घोळ किरकोळ. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसी-भटक्यांनी आपण संपन्न गटात नाही हे दाखवायचा कागद, हा उत्पन्नाचा दाखला नव्हे. त्यात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींना ते लागतच नाही. ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाला) वैधता नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. आणि सीईटीचे ९० पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १८० गुण नव्हेत. तुमच्या पाळीतल्या शंभरातल्या नव्वद जणांना तुमच्याइतके किंवा कमी पडले, एवढाच अर्थ.

अर्ज करायची वेळ अकरावीची दिवाळी. कॉलेजचं पत्र तेव्हा निवांत मिळतं, रेकॉर्ड रूममध्ये गर्दी नसते. जून-जुलैत तहसीलला रांग, आणि बापाला पेरणी सोडून येता येत नाही. ज्यांचं बारावी झालं आणि अजून काहीच केलेलं नाही, त्यांनी सीईटीच्या निकालाची वाट न पाहता आजच कोतवाल बुकाच्या नक्कलेचा अर्ज टाकावा. समितीत कागद जमा कराल तेव्हा पावतीवरचं नाव, दाखल्यावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का, ते खिडकीवरून हलायच्या आधी तिथेच पाहा.