चोरीची गाडी, दागिना, मोबाईल सापडला? मुद्देमाल परत मिळवायचा अर्ज असा करा

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत मोबाईल मारला गेला किंवा दारातनं गाडी गेली आणि मग कधीतरी पोलिसांचा फोन आला की सापडलीय, तर लोक लगेच स्टेशनला पळतात, पण तिथं वस्तू हातात मिळत नाही. जप्त झालेला माल म्हणजे मुद्देमाल, तो पुरावा असतो, त्यामुळं सोडायला मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते. सोलापूर शहरातली केस असेल तर इथल्या कोर्टात, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडची असेल तर तिथल्या.

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसी या जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झालाय, म्हणजे मुद्देमाल सोडवायचं जुनं कलम ४५१ आता ४९७ आणि ४५७ आता ५०३. जुन्या छापील नमुन्यात कलम तसंच राहिलेलं असतं, टायपिंगवाल्याला आधीच सांगा.

अर्ज मालकानं करायचा. गाडीचं म्हणाल तर आरसी ज्याच्या नावावर त्यानं. सेकंडहँड घेतली आणि नावावरच केली नाही, असले लई जण आहेत, त्यांनी मूळ मालकाला गाठून संमतीचं प्रतिज्ञापत्र घ्यावं, नाहीतर तिथंच गाडं अडतं.

सोबत आधार, एफआयआर आणि जप्ती पंचनाम्याची कॉपी, गाडीला आरसी अन् इन्शुरन्स, मोबाईलला बिल किंवा आयएमईआय (मोबाईलचा ओळख नंबर) छापलेला बॉक्स.

खरी मेख पुढं आहे, ही वस्तू *तीच* कशावरून? पंचनाम्यातला चेसिस नंबर आणि आरसीवरचा नंबर एकेक अक्षर जुळवून बघा, चूक दिसली तर तपास अधिकाऱ्याला अर्जाच्या आधीच सांगा. चोरानं नंबर घासला असला तरी सगळं संपत नाही, ठसा मारताना खालचा धातूसुद्धा दाबला जातो, त्यामुळं लॅबमध्ये केमिकल लावलं की घासलेले आकडे पुन्हा दिसू शकतात. फार खोल घासलं असेल तर मात्र अवघड.

दागिन्याचं जास्त किचकट. नवीन असेल तर हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला ओळख नंबर) बिलाशी जुळवता येतो, पण त्यावरनं शुद्धता अन् सराफ कळतो, मालक नाही. आईचं जुनं मंगळसूत्र, बिल कुठलं असणार! मग लग्नातला फोटो, घडवणाऱ्या सराफाचा जबाब, वाटीमागचा शिक्का, डाग देऊन (झाळून) जोडलेली कडी, असलं बारीक वर्णन लागतं. आणि हे एफआयआरमध्येच आलेलं बरं, वस्तू बघितल्यावर सांगितलेल्या खुणेला कोण किंमत देत नाही.

अर्जावर कोर्ट पोलिसांचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. दुसऱ्या कुणी हक्क सांगितला तर वेळ जातो. गाड्या स्टेशनच्या आवारात सडवू नका, फोटो-पंचनामा करून सोडा, असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सुंदरभाई देसाई केसमध्ये सांगितलंय, अर्जात त्याचा उल्लेख वकील करतातच.

ऑर्डर झाली की बॉन्ड, कधीकधी जामीनदार, फोटो आणि सुपूर्तनामा, म्हणजे वस्तू ताब्यात घेतल्याचं लिहून देणं. वस्तू मिळाली तरी केस संपेपर्यंत विकायची नाही, गाडीचा रंग बदलायचा नाही, चेन मोडून नवीन करायची नाही, बोलावलं की कोर्टात हजर करायची. विकायचीच वेळ आली तर आधी परवानगीचा वेगळा अर्ज टाका.