विंडो-नियंत्रण (डेटाबेस अ‍ॅप्लिकेशन)

एखाद्या संस्थेच्या कामासाठी मुद्दाम बांधून घेतलेल्या डेटाबेस अ‍ॅप्लिकेशनमध्ये कोणती विंडो कशी दिसावी, ती हलवता किंवा लहानमोठी करता यावी की नाही आणि ती कोणत्या वाटेने बंद व्हावी, हे आधीच ठरवून ठेवण्याला विंडो-नियंत्रण म्हणतात. दिसणे आणि बंद होणे या दोन्ही गोष्टी प्रॉपर्टी शीटवर, म्हणजे विंडोच्या गुणधर्मांच्या यादीत, शेजारीशेजारी असतात, म्हणून त्या एकाच दमात उरकल्या जातात. पण दिसण्यात चूक झाली तर पडदा बेंगरूळ दिसतो. बंद होण्यात चूक झाली तर नोंद जाते. म्हणून या लेखात बंद होण्याला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमधली घेतली आहेत. १९९२ साली आलेले हे साधन लहान संस्थांना परवडले आणि एकट्या माणसालाही सांभाळता आले.

अ‍ॅक्सेसमध्ये फॉर्मचे, म्हणजे नोंदी भरण्याच्या पडद्याचे, रूप मोजक्या गुणधर्मांवर ठरते. ‘कंट्रोल बॉक्स’ काढला की टायटल बारवरची फुली आणि लहानमोठे करण्याची बटणे एकदमच जातात; ‘क्लोज बटन’ बंद केले की फक्त फुली निकामी होते. ‘बॉर्डर स्टाइल’ डायलॉगवर ठेवली तर फॉर्मची कड ओढून आकार बदलता येत नाही. ‘पॉप-अप’ फॉर्म इतर विंडोंच्या वर राहतो आणि ‘मोडल’ फॉर्म मिटेपर्यंत दुसऱ्या फॉर्मवर जाऊ देत नाही. २००७ च्या आवृत्तीपासून नव्या फाइलमध्ये फॉर्म टॅबच्या रूपात उघडतात. पॉप-अप नसलेल्या फॉर्मवर तिथे कड आणि लहानमोठे करण्याची बटणे यांच्या सेटिंगचा काही परिणाम दिसत नाही, आणि ‘सेटिंग तर केली, मग होत का नाही’ या प्रश्नात नवशिक्याची अख्खी दुपार जाते. पॉप-अपचा एक त्रास नेहमीचा: पावतीचा प्रिव्ह्यू त्याच्या मागे उघडतो, काउंटरवरच्या माणसाला वाटते काही झालेच नाही, आणि तो पुन्हा बटण दाबतो.

डायलॉग म्हणून उघडलेला फॉर्म बंद होईपर्यंत किंवा लपेपर्यंत, ज्या कोडने तो उघडला तो कोड थांबून राहतो. म्हणून ‘ठीक’ बटणाने फॉर्म बंद न करता फक्त लपवायचा, त्यातली तारीख किंवा क्रमांक वाचून घ्यायचा आणि मग तो बंद करायचा, ही जुनी आणि भरवशाची रीत आहे.

आता बंद होण्याकडे. बडोद्यातल्या एका मराठी वाचनालयासाठी प्रस्तुत लेखकाने देवघेवीचा फॉर्म केला होता: सभासद क्रमांक, दाखलांक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक), नेल्याची तारीख, मुदत. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली संस्थानभर ग्रंथालयांची योजना सुरू केली, त्या शहरात देवघेवीच्या नोंदीकडे लोक गंभीरपणे पाहतात. घाईत कोणी भलतीकडे क्लिक करू नये म्हणून फुली काढून टाकली आणि खाली मोठे ‘बंद करा’ बटण दिले. काही दिवसांनी एक आजोबा पुस्तक परत करायला आले.

‘‘काका, हे पुस्तक तुमच्या नावावर नाहीच.’’

‘‘अहो ताई, मग मी ते नेलं कसं?’’

मुदतीचा रकाना सक्तीचा होता आणि तो रिकामा राहिला होता. अशी अपुरी नोंद असताना कोणी फुली दाबली, तर अ‍ॅक्सेस निदान सांगते की नोंद जतन होऊ शकत नाही, तरी बंद करायचे का. पण तेच काम ‘बंद करा’ बटणामागच्या कोडमधल्या ‘क्लोज’ आज्ञेने केले, तर ती नोंद काही न बोलता सोडून देते. म्हणजे सुरक्षिततेसाठी काढलेली फुलीच जास्त सुरक्षित होती. त्या आज्ञेला ‘सेव्ह’चा एक पर्याय जोडता येतो, पण तो फॉर्मच्या आराखड्यातला बदल जतन करण्यासाठी आहे, नोंदीशी त्याचा संबंध नाही. या नावामुळे कित्येकजण फसतात.

उपाय एका ओळीचा आहे. फॉर्मचा ‘डर्टी’ हा गुणधर्म नोंद बदललेली पण जतन न झालेली असल्याचे सांगतो. बंद करण्याच्या आधी तो ‘फॉल्स’ केला की नोंद तिथल्या तिथे जतन होते. होत नसेल तर एरर येते, कोड थांबतो आणि फॉर्म उघडाच राहतो. हीच खूण डोळ्यांना दिसते ती डाव्या पट्टीतल्या पेन्सिलीच्या चित्राने. पडदा सुटसुटीत दिसावा म्हणून ‘रेकॉर्ड सिलेक्टर’ नावाची ही पट्टी काढली की ती पेन्सिलही जाते. देवघेवीच्या काउंटरवर ती पट्टी ठेवावी, थोडी जुनाट दिसली तरी चालेल.

बंद होताना एकामागून एक घटना (इव्हेंट) घडतात आणि प्रत्येकीला आपला कोड जोडता येतो; त्यांचा क्रमही पक्का लक्षात हवा. बदललेली नोंद असेल तर आधी ‘बिफोर अपडेट’ घडते आणि नोंद जतन होते. मग ‘अनलोड’ आणि शेवटी ‘क्लोज’. ‘अनलोड’ रद्द करून फॉर्म उघडा ठेवता येतो, ‘क्लोज’ रद्द करता येत नाही. ‘बदल जतन करू का?’ हा प्रश्न ‘अनलोड’मध्ये टाकणे ही सर्रास दिसणारी चूक आहे, कारण तोवर नोंद जतन झालेली असते. तो प्रश्न ‘बिफोर अपडेट’मध्ये विचारायचा.

फॉर्मची फुली काढली तरी मुख्य विंडोची राहतेच, आणि तिच्यावरून संध्याकाळी सगळे एकदम बंद केले जाते. तिच्यासाठी वेगळी घटना अ‍ॅक्सेसने दिलेली नाही. सुरुवातीलाच एक लपलेला फॉर्म उघडून ठेवायचा आणि दिवसाचा हिशेब मिटला नसेल तर त्याचे ‘अनलोड’ रद्द करायचे. त्याबरोबर अख्खे अ‍ॅप्लिकेशन बंद होण्याचे थांबते. वीज गेली किंवा टास्क मॅनेजरने प्रोग्रॅम मारला तर मात्र यातले काहीच घडत नाही.

दुसऱ्या साधनांत हे थोडे वेगळे असते. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये ‘क्वेरीअनलोड’ ही घटना बंद कोणी केले तेही सांगते: फुलीने, कोडने की विंडोजच बंद होते आहे म्हणून. व्हिज्युअल फॉक्सप्रोत ‘रीड इव्हेंट्स’ (वापरणाऱ्याच्या कृतीची वाट पाहत राहण्याची आज्ञा) चालू असताना मुख्य विंडोची फुली दाबली की ‘कॅनॉट क्विट व्हिज्युअल फॉक्सप्रो’ हा संदेश येतो. ‘ऑन शटडाउन’ लिहून त्यात ती वाट पाहणे थांबवणारे ‘क्लिअर इव्हेंट्स’ दिले की सुटका होते. फाइलमेकर या डेटाबेस साधनात विंडो बंद होताना चालणारा ट्रिगर लावता येतो.

बटणावरच्या शब्दांनाही जपावे लागते. सभासदाच्या फॉर्मवर नुसते ‘रद्द’ लिहिले, तर सभासदत्वच रद्द होईल या भीतीने माणूस हात लावत नाही. बडोद्यात काउंटरवर मराठी आणि गुजराती दोन्ही चालतात, ‘बंद’ आणि ‘रद्द’ दोन्हीकडे कळतात, पण फॉर्म बंद केल्यावर लिहिलेल्याचे काय होणार हे त्यातून कळत नाही. ‘जतन करून बंद’ आणि ‘लिहिलेले सोडून बंद’ अशी दोन बटणे लांबलचक दिसतात, पण ती कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

हे सगळे बांधून झाले तरी फाइल उघडताना शिफ्ट दाबून ठेवली की सुरुवातीचे फॉर्म आणि सेटिंग वगळली जातात. ‘अलाउ बायपास की’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ केला की ती वाटही बंद होते. त्याआधी फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवावी, आणि तो पुन्हा ‘ट्रू’ करणारा कोड दुसऱ्या फाइलमध्ये लिहून, चालवून पाहिलेला असावा.