मलनिःसारणासाठी सार्वजनिक कर्जउभारणी

शहरातील भुयारी गटारे, पर्जन्यजल वाहिन्या, पंपिंग स्टेशने व मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे बांधण्यासाठी वा सुधारण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्था किंवा स्वतंत्र मलनिःसारण मंडळ काढते ते दीर्घ मुदतीचे कर्ज. ते बाजारात कर्जरोखे विकून उभारतात किंवा सरकार, विकास बँक यांच्याकडून घेतात. गटारांचा खर्च एकदम अंगावर येतो, उपयोग मात्र पुढच्या दोन-तीन पिढ्यांना होतो. मग सगळा भार आजच्याच करदात्यांवर का, हा कर्जाच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. शिवाय हे काम तुकड्यातुकड्याने करून भागत नाही. मुख्य वाहिनी शुद्धीकरण केंद्राला जाऊन मिळेपर्यंत गल्लीबोळांत टाकलेले पाइप निरुपयोगीच असतात.

लंडनचे उदाहरण अभिजात मानले जाते. १८५८च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी इतकी असह्य झाली, की संसदभवनाचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. त्याच वर्षी २ ऑगस्टला झालेल्या कायद्याने लंडनची सार्वजनिक कामे पाहणाऱ्या महानगर बांधकाम मंडळाला ३० लाख पौंडांचे कर्ज काढण्याची मुभा मिळाली. कर्जाला सरकारी खजिन्याची हमी होती, आणि फेडीसाठी मिळकतींच्या करपात्र मूल्यावर दर पौंडामागे ३ पेन्सचा कर ४० वर्षांसाठी बसवला गेला. कर्ज आणि कर एकाच कायद्यात आले, यातच त्या योजनेचे शहाणपण आहे. अभियंता जोसेफ बॅझलगेट यांनी सुमारे १३२ किमी लांबीच्या मुख्य वाहिन्या बांधल्या. खर्च अंदाजाबाहेर गेलाच. पण उपयोगही दिसला: १८६६ची कॉलऱ्याची साथ प्रामुख्याने पूर्व लंडनच्या ज्या भागात भडकली, तेथे नवी व्यवस्था अजून पूर्ण झालेली नव्हती.

परतफेडीच्या तारणानुसार कर्जाचे दोन प्रकार पडतात. एकात संस्थेचे एकूण करउत्पन्न तारण असते. अशा कर्जाला काही देशांत मतदारांची संमती लागते. दुसऱ्यात केवळ मलनिःसारण शुल्काची वसुली तारण असते, म्हणून शुल्क वेळोवेळी वाढवण्याचे वचन करारातच लिहून घेतले जाते. मुद्दल एकरकमी फेडायचे असेल, तर दरवर्षी कर्जनिवारण निधीत रक्कम बाजूला टाकतात. मुदत मालमत्तेच्या आयुष्याशी जुळलेली हवी: विटांचा बोगदा शंभर वर्षे टिकतो, पंप तेवढा टिकत नाही. पंप भंगारात गेल्यावरही त्याचे हप्ते चालू राहणे ही फसलेल्या नियोजनाची खूण.

कर्ज कसे अंगलट येते, हे अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या जेफरसन काउंटीत (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात) दिसले. नदीनाल्यांत सांडणारे मैलापाणी रोखण्याच्या कायदेशीर बंधनातून तिने गटारांसाठी कर्ज काढले. पुढे ते बदलत्या व्याजदराच्या रोख्यांत रूपांतरित करून त्याला व्याजदर-अदलाबदलीचे (स्थिर व बदलत्या व्याजाची देणी आपसांत बदलून घेण्याचे) करार जोडण्यात आले. २००८च्या आर्थिक संकटात रोख्यांची हमी घेणाऱ्या विमा कंपन्यांचे पतमानांकन घसरले आणि व्याज भडकले. ३ अब्ज डॉलरांहून अधिक गटारकर्जाखाली काउंटीने नोव्हेंबर २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. लाचखोरीबद्दल काही अधिकारी व कंत्राटदारांना शिक्षाही झाल्या.

वॉशिंग्टन शहराच्या जलसंस्थेने २०१४ मध्ये मैलापाणी व पावसाचे पाणी साठवून नेणाऱ्या बोगद्यांसाठी तब्बल १०० वर्षे मुदतीचे ३५ कोटी डॉलरांचे रोखे विकले. तिच्याच २०१६च्या २.५ कोटी डॉलरांच्या रोख्यांत तर पावसाचे वाहून जाणारे पाणी किती घटले, यावर गुंतवणूकदारांशी होणारी अंतिम देवघेव ठरणार होती.

पर्जन्यजलाचे कर्ज फेडणे अधिक अवघड. मैलापाण्याचे बिल पाणीवापरावरून काढता येते. पाऊस मात्र कोणाच्या मीटरमधून येत नाही. म्हणून काही शहरे छप्पर, फरसबंद अंगण, वाहनतळ अशा पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रफळावर शुल्क आकारतात. विस्तीर्ण वाहनतळ असलेल्या दुकानाला त्यात मोठा भुर्दंड बसतो, एरवी त्याचा पाणीवापर नगण्य असला तरी. गाळ उपसणे, झाकणे बदलणे यांसारखा नित्याचा खर्च मात्र चालू उत्पन्नातूनच करावा लागतो.